उत्तरायणाच्या आदल्या दिवशी जोडलेली वायर

गीझर उघडण्याआधी मी हातभर लांब उभी राहून आधी ऐकते. नीट चालणारा गीझर जवळजवळ मुका असतो. कॉइलवर क्षारांचा थर चढला असेल तर आत ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखं तडतडतं. पाणी हद्दीबाहेर तापलं असेल तर आवाज टाकीच्या पोटातून येतो, कुत्रं चावण्याआधी गुरगुरतं तसा. सात वर्षांत तो आवाज मी तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा त्या टाकीखाली माझ्या हातची वायर होती.

मी सुरतेत गीझर दुरुस्त करते. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले, दोन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात राबले, मग माझी स्वतःची पिशवी आणि स्वतःची मोपेड झाली. दार उघडणारा माणूस अजूनही माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "कारीगर क्यां छे?" मी म्हणते, "तमारी सामेज छे." मग तो बाजूला होतो, पण मी स्टुलावर चढेपर्यंत बाथरूमच्या दारातून हलत नाही. पूर्वी अशा वेळी मी बोलायला लागायचे. अर्थिंग नसलेल्या खोल्यांचं भाडं घेणाऱ्या मालकांबद्दल, बोअरच्या पाण्याबद्दल, स्वस्तातल्या वायरबद्दल. उधन्याच्या दोन-चार गल्ल्यांत माझं नाव प्रज्ञा नाही, "भाषणवाली" आहे.

हे बोलणं माझ्यात बाबांकडून आलं. बाबा भुसावळकडच्या खेड्यातून इथे आले आणि सुरतेजवळच्या सचिन गावात एका कपडा रंगवणाऱ्या कारखान्यात बॉयलरवर लागले. आमच्या घरात पुस्तकं फार नव्हती. होती ती पातळ, स्टेपल मारलेली पत्रकं. जयंतीच्या स्टॉलवरची, कामगारांच्या सभेतली, वाचनालयाची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले आणि घड्या घालायलाही त्यांच्यावरच शिकले.

मी सातवीत असताना बाबांच्या बॉयलरचा सेफ्टी वॉल्व्ह वारंवार उडायला लागला. वाफ वाया जाते म्हणून सुपरवायझरने त्याच्या दांडीला एक जादा वजन टांगलं. बाबांनी ते काढलं. त्याने परत टांगलं. तेव्हा बाबांनी हाताने एक पानाचं पत्रक लिहिलं, त्याच्या प्रती काढल्या आणि पाळी सुटताना दारावर उभं राहून वाटल्या. घड्या मी घातल्या होत्या. त्या आठवड्यात वजन उतरलं आणि पुढच्या आठवड्यात बाबांना घरी पाठवलं. आता ते एका सोसायटीत वॉचमन आहेत. मी ही गोष्ट फार मिरवली आहे. माझ्या अंगात तीच हाडं आहेत असं मला वाटायचं.

गीझर म्हणजे घरातला छोटा बॉयलरच. त्याला तीन राखणदार असतात. पहिला थर्मोस्टॅट. पाणी ठरल्याइतकं तापलं की तो वीज तोडतो, निवलं की परत जोडतो. रोज कितीतरी वेळा जोड-तोड करून त्याचे पॉइंट कधीतरी एकमेकांना चिकटतात, मग कॉइल तापतच राहते. तेव्हा दुसरा जागा होतो, कटआउट. तो एकदाच तोडतो आणि आपणहून परत जोडत नाही, म्हणून लोकांचा त्याच्यावर राग. तिसरा सेफ्टी वॉल्व्ह, कुकरच्या शिट्टीसारखा. वरचे दोघे निजले आणि आत दाब चढला तर तो पाणी बाहेर सोडतो. तिघेही गेले तर बंद टाकीतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं आणि तरी उकळत नाही, कारण दाब त्याला उकळू देत नाही. मग टाकी जिथे गंजली असेल तिथून फाटते आणि ते सगळं पाणी एका क्षणात वाफ होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. तिला "डायरेक्ट करणं" म्हणतात. कटआउट सारखा पडतोय, गिऱ्हाईक वैतागलंय, पार्ट पिशवीत नाही, तर कटआउटच्या दोन टोकांमध्ये बोटभर वायर जोडायची. गीझर ताबडतोब चालू होतो. गिऱ्हाईक खूश होतं. "तात्पुरतं आहे हं," असं म्हणून कारागीर निघतो आणि तात्पुरतं वर्षानुवर्षं टिकतं. या रीतीविरुद्ध मी दुकानात भांडले आहे. एका कारागिराशी तर बोलणंच सोडलं होतं.

आणि मग गेल्या जानेवारीत, उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी, मी सचिनला सिंधूमावशींच्या खोलीवर गेले.

मावशी पारोळ्याकडच्या. मुलगा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. सून वैशाली अकरा दिवसांची बाळंतीण. तिच्यासाठी मुलाने एका पाडलेल्या इमारतीतून जुना गीझर आणून लावला होता. पाणी कधी उकळतं येई, कधी कटआउट पडून थंड. मी खालचं झाकण उघडलं. थर्मोस्टॅटचे पॉइंट जळलेले होते आणि पडून पडून कटआउटही मेलेला होता. नवा थर्मोस्टॅट पिशवीत होता, तो घातला. कटआउट नव्हता. उत्तरायणासाठी दुकानं दुपारीच बंद झाली होती, ती दोन दिवसांनी उघडणार होती. गच्चीवर पोरं आत्तापासूनच "काप्यो छे!" ओरडत होती.

"मावशी, तीन दिवस चुलीवर तापवा," मी म्हटलं.

"गॅस सरी गया वं माय," मावशी म्हणाल्या. "बायतीनले थंड पानी कसं दिऊ? तूच सांग. तू बी कोनी आंडेर शे ना?" आंडेर म्हणजे लेक.

आत बाळ रडत होतं. वैशाली पलंगावरून माझ्याकडे बघत होती. मी स्वतःशी हिशेब मांडला. थर्मोस्टॅट कोरा आहे, तो धोका देणार नाही. वॉल्व्ह टपटपतोय म्हणजे जिवंत आहे. तीन दिवसांचा तर प्रश्न. मी लाल वायरचा तुकडा सोलला, दोन टोकांत घट्ट पिळला आणि वर निळी टेप मारली. मावशींना चार वेळा बजावलं, "दहा मिनिटं चालू करा, बटन बंद करा, मगच आत जा. मी चौथ्या दिवशी येते."

चौथ्या दिवशी मी कटआउट घेऊन गेलेही. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बारशाला गावी गेले. मी कटआउट पिशवीत ठेवला. पंधरवड्याने तोच कटआउट दुसऱ्या घरी बसवला. त्यानंतर सिंधूमावशी माझ्या डोक्यातून गेल्या. खोटं का बोलू, पूर्ण गेल्या.

दहा महिन्यांनी नोव्हेंबरात मला शहरातल्या कतारगाम भागातून फोन आला. हिरे घासणाऱ्या एका माणसाच्या घरी गीझर फुटला होता. मी पोचले तेव्हा बाथरूमचं दार समोरच्या भिंतीला टेकून उभं होतं, बिजागऱ्यांसकट. टाइल्स उतरल्या होत्या. छताला गीझरच्या आकाराचा डाग पडला होता. फाटलेली टाकी जमिनीवर होती, तिचा पत्रा बाहेरच्या अंगाला फुलासारखा उमललेला. घरातले म्हातारे दादा व्हरांड्यात खुर्चीवर बसून हसत होते. "टुवाल भूली गयो हतो, बेन," ते परत परत सांगत होते. टॉवेल विसरला म्हणून ते बाथरूममधून परत फिरले होते. टॉवेल त्यांनी अजून हातात धरला होता.

मी खालचा भाग पालथा केला. कटआउटच्या दोन टोकांत वायर होती.

"हे कोणी केलं?"

"एक भाई आवेला," घरातल्या बेन म्हणाल्या. "बहु सारा माणस. पाच मिनिटमां चालु करी आप्युं." सारा म्हणजे चांगला.

वायर काळी होती. माझी लाल असते. मी निळी टेप मारते, इथे टेप नव्हती. मी ती वायर दोन-तीनदा वळून बघितली, माझी नाही म्हणून खात्री करून घेतली. अरे, माझी असण्याची शक्यता माझ्या मनात आलीच का? आली, कारण माझी एक कुठेतरी होती. अकरा दिवसांचं बाळ होतं त्या घरात.

सिंधूमावशींचा जुना नंबर बंद लागत होता. मी कतारगामहून निघाले ती थेट सचिनला. खोलीत दुसरी माणसं राहत होती. बाथरूमच्या भिंतीत दोन खिळ्यांची भोकं होती, गीझर नव्हता. शेजारणीने सांगितलं, मुलाने लूम सोडला, इच्छापोरला कंत्राटी कामाला लागला, सगळे तिकडे गेले. गीझर पण नेला. "इतना अच्छा गीझर कौन छोडेगा?" ती म्हणाली. तिने मुलाचा नंबर दिला. तो कामावर फोन घेत नव्हता. संध्याकाळी त्याचा फोन लागला, पण तो पत्ता सांगत असतानाच त्याचा सुपरवायझर ओरडला, मी गीझर बंद ठेवा म्हणायच्या आत फोन कटला आणि मग बंदच लागला. पुरता पत्ता आणि मावशींचा नवा नंबर त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवला. ती मधली रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

सकाळी मी मावशींना फोन लावला.

"कोन? परग्या? ओ माय, कशी शे तू!"

"मावशी, गीझर चालू आहे का?"

"हाव, फसकिलास चालू शे! आते ते असं पानी तपस, बादलीमा हात घालता येत नही. नळमातून वाफ येस."

नळातून वाफ. म्हणजे पहिला राखणदारही गेला होता.

"मावशी, बटन बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"वैशाली आंग धोई राहिनी मजार."

"तिला बाहेर काढा! तसंच काढा, साडी गुंडाळून काढा, पण काढा. बटन बंद करा आणि मी येईपर्यंत कोणी आत जायचं नाही. नळाला हात लावायचा नाही."

"बरं बरं. कसाले इतली चिल्लास?" आणि फोन बंद.

उधन्याहून इच्छापोर लांब आहे. हजिऱ्याच्या रस्त्यावर ट्रक एकामागे एक. माझ्या कानात हेल्मेटच्या आत तो गुरगुरणारा आवाज येत होता, खरा नसताना. मी स्वतःला सांगत होते, वॉल्व्ह जिवंत आहे. टपटपत होता, मी पाहिलं होतं. तिसरा जागा आहे.

ओळीने आठ खोल्या, शेवटी एक सामायिक बाथरूम. बाथरूमच्या दारापासून बादल्यांची रांग लागली होती. निळ्या, लाल, एक रंगाचा रिकामा डबा. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मावशींचा गीझर आता आठ घरांचा गीझर झाला होता. मावशींनी बटन बंद केलं होतं. दहा मिनिटांत पुढच्या खोलीतल्या बाईने चालू केलं होतं, तिच्या नवऱ्याला पाळीवर निघायचं होतं म्हणून. वैशाली दारात उभी होती आणि तिचं लेकरू, ते अकरा दिवसांचं, भिंतीला धरून बादल्यांच्या कडेने चालत होतं.

आणि आवाज येत होता. खरा.

बोर्ड व्हरांड्यात होता. मी आधी मेन स्विच पाडला. मग ओरडले, "सगळे लांब व्हा! रस्त्यापर्यंत!" लोक हसले. एक भाई म्हणाला, "बेन, पानी तो एकदम मस्त गरम है, टेन्शन क्यों लेते हो?" मी पोर उचललं आणि त्याच्या हातात दिलं. त्याचं हसू गेलं. मूल हातात आलं की माणूस ऐकतो.

मी दारातून फक्त डोकं घालून वर बघितलं. वॉल्व्हच्या तोंडावर राखाडी एम-सीलचा गोळा होता, बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेला.

"मावशी, हे?"

"टपटप व्हये. पानी वाया जाये. मन्हा आंडोरनी बंद करी दिन्हं."

बाबांच्या सुपरवायझरची वाफ वाया जात होती. इथे पाणी. मला मुलावर रागावताही आलं नाही. टपटपणं म्हणजे तो श्वास घेतोय, हे त्याला कोणी सांगितलं होतं? बटनाचं मी चार वेळा बजावलं होतं, हे एकदाही नाही.

अशा वेळी करायचं एवढंच असतं की काही करायचं नाही. वीज तोडायची, लांब जायचं आणि थांबायचं. नळ उघडायचा नाही, वॉल्व्हला हात लावायचा नाही. मी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला बसवलं आणि स्वतः त्यांच्या आणि बाथरूमच्या मध्ये बसले, म्हणजे कोणी गेलं तर माझ्यावरून जाईल. पहिला अर्धा तास आत पत्रा टण्ण टण्ण वाजत होता. एक बाई आत राहिलेल्या बादलीसाठी तीनदा उठली, "मारी डोल अंदर छे," म्हणत. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बेन, तमारी डोल हुं लावी आपीश. बेसो." ती बसली, पण मला शिव्या देत. वैशालीची पोरगी मावशींच्या मांडीवरून उतरून सारखी बाथरूमकडे निघायची आणि मी तिला झबल्याला धरून मागे ओढायचे. तिला वाटलं खेळच आहे. ती खिदळत होती.

दोन तास गेले. आवाज थांबला. अजून एक तास मी थांबले. मग आत गेले, कान लावला, पाणी सोडून टाकी रिकामी केली, झाकण उघडलं. थर्मोस्टॅटचे पॉइंट एक होऊन गेले होते. खाली लाल वायर. निळ्या टेपची टोकं उन्हात सुकलेल्या सालीसारखी वळली होती.

मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या बायांना सांगत होत्या, "ह्याच पोरनी कयेल शे. वरीस व्हई ऱ्हायनं, काहीच बिघाड नही. असा कारागीर भेटत नही."

बहु सारा माणस. पाच मिनिटांत चालू करून दिलं.

"मावशी," मी म्हटलं, "ही वायर मी घातली होती. ती घालायची नसते. तिच्यामुळे आज तुमची सून गेली असती. पोरगी गेली असती."

मावशींनी माझ्या हातातली वायर बघितली, मग माझ्याकडे.

"मंग परत काब नही उनी तू?"

"आले होते. कुलूप होतं."

"कुलूप पंधरा दिन व्हतं," मावशी म्हणाल्या. "वरीसभर नही."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या पोरीला घेऊन खोलीत गेल्या. चहाला बोलावलं नाही. मी गीझर भिंतीवरून उतरवला, बाईची बादली तिला नेऊन दिली आणि निघाले.

त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं. एका पानाचं, बाबांसारखं. तीन राखणदार कोण, वॉल्व्ह टपटपला तर बुजवू नका, पाणी उकळतं आलं तर काय करायचं. भाषा कडक ठेवली. "काही कारागीर घाईपोटी कटआउट डायरेक्ट करतात. अशा बेजबाबदार कारागिरांना घरात घेऊ नका." ड्युटीवरून आल्यावर बाबांनी चष्मा लावून वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काही कारागीर कोण?"

मी बाबांना इच्छापोरचं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. सगळं, कुलपासकट. बाबांनी पत्रक खाली ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या पत्रकात मी सुपरवायझरचं नाव लिहिलं होतं. 'काही लोक' म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती. वाचणारा म्हणाला असता, ते कोणीतरी दुसरे."

मी ती ओळ खोडली. तिथे लिहिलं, "मी, प्रज्ञा, गीझर दुरुस्त करते. मी एका घरात कटआउट डायरेक्ट केला आणि विसरले."

बाबांनी परत वाचलं. "एका घरात?" त्यांनी विचारलं. "एकच ना?"

मी लगेच हो म्हटलं. मग डायरी काढली. उत्तरायणाच्या त्या गडबडीच्या दिवसांत मी अकरा घरी गेले होते. इतर दिवशी मी काय केलं ते लिहिते, त्या दिवसांत नुसते पत्ते आहेत. सिंधूमावशींच्या नावापुढेही काही लिहिलेलं नव्हतं. तेव्हा मी प्रत्येक घरी परत गेले, झाकण उघडून बघितलं. सापडलेल्या दहांपैकी मावशींचा सोडला तर सगळे नीट होते. अकराव्यापुढे लिहिलंय, "कतारगाम, जैन देरासरच्या मागे, निळं दार, दुसरा मजला." मी त्या गल्लीतून पाच वेळा गेले आहे. निळी दारं तीन आहेत. दोन घरांनी मला ओळखलं नाही. तिसऱ्याला कुलूप आहे.

पत्रक मी वाटते आहेच. इच्छापोरच्या त्या ओळीत आधी वाटलं. मावशींना वाचता येत नाही, वैशालीने वाचून दाखवलं. पण पत्रक गल्लीत राहतं आणि माणसं गल्ली सोडून जातात, गीझर घेऊन. म्हणून हे इथे लिहिलं. गेल्या उत्तरायणाच्या सुमारास कतारगामच्या दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी तुमचा गीझर दुरुस्त करून गेली असेल, तर आज आंघोळीआधी बटन बंद करा. पाणी पूर्ण निवू द्या. मग मला बोलवा. मी भाषण देणार नाही.